कुत्र्याला टॉनिक कोणतं द्यायचं? आधी भांडं बघा, मग बाटली

पिल्लू घरात आलं की दोन दिवसांत त्याच्यामागून कॅल्शियमची बाटली येते. पुढे केस गळतात म्हणून ओमेगाच्या कॅप्सूल, नीट जेवत नाही म्हणून लिव्हर टॉनिक, आणि गल्लीतल्या एखाद्या लॅब्राडॉरला गुण आला म्हणून मल्टिव्हिटॅमिन. कोल्हापुरात राजारामपुरीत काय किंवा शाहूपुरीत काय, पेट शॉपमध्ये यातलं बहुतेक काही चिठ्ठीशिवाय मिळतं. त्यामुळे निवडायची जबाबदारी आपल्यावरच येते. ती पार पाडायचा क्रम खाली दिलाय. तो उलटा करू नका, कारण बाटली आधी आणली की तिच्यासाठी आजार शोधला जातो.

सुरुवात भांड्यापासून

सात दिवस कुत्र्याच्या पोटात जे जे जातं ते लिहून काढा, वजनासकट. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. चहात बुडवलेलं बिस्किट, आजोबांनी टेबलाखालून दिलेला पोळीचा तुकडा, रविवारी मटणाच्या ताटातलं उरलेलं, सगळं लिहायचं. घरातल्या प्रत्येकाला विचारा, कारण चोरून देणारा एक माणूस प्रत्येक घरात असतोच.

आता कॅलरीचा ढोबळ अंदाज. नसबंदी झालेल्या, साधारण हालचाल असलेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला १० किलो वजनाला सुमारे ६३०, २० किलोला १०५० आणि ३० किलोला १४३० कॅलरी लागतात. दिवसभर सोफ्यावर लोळणाऱ्याला याहून कमी. तयार कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला बहुधा ३५० ते ४०० कॅलरी असतात, नेमका आकडा पिशवीवर असतो.

पिशवीवर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असं छापलंय का, आणि ते पिल्लासाठी की प्रौढासाठी, हे बघा. छापलेलं असेल आणि दिवसाच्या ९० टक्के कॅलरी त्याच पिशवीतून येत असतील, तर कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, मिनरल पावडर यातलं काहीही वरून द्यायचं कारण नाही. ते सगळं त्या दाण्यात मोजून घातलेलं असतं.

गोम त्या ९० टक्क्यांत आहे. आपल्याकडची ज्वारीची भाकरी शंभर ग्रॅम पिठाची धरली तर एका भाकरीत जवळजवळ ३४० कॅलरी होतात. २० किलोच्या कुत्र्याच्या दिवसाचा हा तिसरा हिस्सा. म्हणजे ‘जेवण कंपनीचं आणि जोडीला एक भाकरी’ असं ज्या घरात चालतं, तिथे कुत्रा एकतर जाड होतो, नाहीतर कंपनीचं खाणं कमी खातो आणि त्यातली खनिजंही तेवढीच कमी मिळतात. इथे उपाय भाकरी पाव हिश्श्यावर आणण्याचा आहे. त्याला बाटली लागत नाही.

तिसरा प्रकार पूर्ण घरच्या जेवणाचा: भात, भाकरी, उकडलेलं चिकन, अंडी, थोडं दही. अशा कुत्र्याला मात्र खरोखर काही गोष्टी कमी पडतात. सप्लिमेंटची गरज सगळ्यात जास्त याच घरात असते आणि बरेचदा नेमकी इथेच ती भागत नाही, कारण ‘घरचं चांगलंचुंगलं खातो की’ असं वाटत राहतं.

भांड्याबरोबर अंगही तपासा. तळहात बरगड्यांवरून फिरवा. बरगड्या सहज हाताला लागाव्यात, पण त्यांवर चरबीचा पातळ थर असावा. वरून बघताना कंबर आत गेलेली दिसावी. कारवानी ही सडपातळ देशी जात पाळणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: या जातीच्या दोन-तीन बरगड्या उठून दिसणं हीच तिची तब्येत आहे. ‘लई वाळलाय, टॉनिक घाला’ म्हणणाऱ्यांचं ऐकून तिला लॅब्राडॉर करायला जाऊ नका.

तक्रारीला नाव द्या

‘अशक्तपणा’, ‘केस’, ‘भूक’ या शब्दांवर सप्लिमेंट निवडता येत नाही. खाज आणि केस गळणं असेल तर आधी गोचीड, पिसवा, खरूज, बुरशी आणि थायरॉइड या गोष्टी डॉक्टरांकडून बाद करून घ्या. पावसाळ्यात इथे कान आणि पंजे दिवसदिवस ओले राहतात, त्यातून होणारी बुरशी कुठल्याही कॅप्सूलने जात नाही. कुत्रा मलूल आहे, हिरड्या फिक्या पडल्यात, अंगावर गोचीड सापडली होती, असं असेल तर गोचीड तापाची रक्ततपासणी हवी. त्यावर औषधाचा ठरावीक दिवसांचा कोर्स असतो. रक्तवाढीच्या टॉनिकवर आठवडा काढला तर तेवढ्या वेळात प्लेटलेट आणखी उतरू शकतात.

भूक नसणं हेही तसंच. दिवसभर तोंड चालू असलेला कुत्रा भांड्याकडे बघत नाही, यात यकृताचा दोष नाही. पण मोठ्या कुत्र्याने दोन दिवस किंवा पिल्लाने एक दिवस काहीच खाल्लं नाही तर टॉनिकची वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. लिव्हर टॉनिक हे रक्तातली यकृताची तपासणी बिघडलेली दिसल्यावर डॉक्टरांनी ठरवायचं काम आहे.

कॅल्शियम: सगळ्यात जास्त चुका इथे

मोठ्या जातीच्या पिल्लांपासून सुरू करू. प्रौढ कुत्र्याचं आतडं गरजेपुरतं कॅल्शियम घेतं आणि बाकीचं सोडून देतं. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हा लगाम नीट जमत नाही. जेवढं पोटात जाईल त्याचा मोठा हिस्सा रक्तात उतरतो. जादा कॅल्शियममुळे कूर्चेचं हाडात रूपांतर होण्याची घडी बिघडते. त्यातून सांध्यातली कूर्चा सुटते, पाय वाकडे होतात, पिल्लू लंगडायला लागतं. म्हणूनच प्रौढपणी ३२ किलोच्या वर जाणाऱ्या जातींच्या पिल्लांच्या खाद्यात अमेरिकेतल्या ‘आफको’ या संस्थेच्या निकषांनुसार कोरड्या वजनाच्या किमान १.२ आणि कमाल १.८ टक्के कॅल्शियम चालतं. अशा खाद्यावर रोज चमचाभर सिरप ओतलं की ती कमाल मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन यांच्या घरात हे वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवण्यासारखं आहे.

कॅल्शियमच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या दोन तक्रारी आहेत. पहिली, जर्मन शेफर्डचा कान उभा राहत नाही. कानात हाड नसतं, कूर्चा असते. चार ते सहा महिन्यांत दात बदलताना उभे राहिलेले कानही काही दिवस पडतात. दुसरी, पुढचे पंजे पसरतात आणि मनगट खाली बसतं. याच्या मुळाशी पुष्कळदा वाढीचा जोर, जास्तीचं वजन आणि पाय घसरणारी गुळगुळीत टाइल असते. पिल्लाच्या वावरायच्या जागेत रबरी मॅट किंवा गोणपाट घाला, वजन आटोक्यात ठेवा, आणि दोन आठवड्यांत फरक दिसला नाही किंवा दुखतंय असं वाटलं तर डॉक्टरांना दाखवा.

दुधाने भागतं का? गंगावेशीतलं समोर काढलेलं धारोष्ण दूध माणसाला कितीही गोड लागो, १० किलोच्या वाढत्या पिल्लाची दिवसाची सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियमची गरज गाईच्या दुधातून भागवायची तर अडीच लिटर दूध पाजावं लागेल. त्याच्या आधीच पिल्लाला हगवण लागेल. म्हशीच्या दुधात कॅल्शियम जास्त, पण चरबीही जास्त. आणि कोवळ्या उन्हाचं म्हणाल तर कुत्र्याची कातडी उन्हातून पुरेसं ड जीवनसत्त्व बनवू शकत नाही. ते अन्नातूनच जावं लागतं.

याच्या उलट टोकाला आहे नुसत्या मांसावर वाढवलेलं पिल्लू. १०० ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये कॅल्शियम १० मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस २०० च्या आसपास. हे प्रमाण १ ला २० पडतं. हवं ते १ ला १ ते २ ला १, कॅल्शियमकडे झुकलेलं. रक्तातली तूट भरून काढायला शरीर हाडातलं कॅल्शियम ओढतं, हाड पोकळ होतं आणि सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतं. असं पिल्लू चालायला नको म्हणतं, उचललं की ओरडतं. इथे एक्स-रे आणि आहारबदल दोन्ही तातडीने हवेत, तेही डॉक्टरांच्या हातून.

प्रौढ, निरोगी, घरचं मांसाहारी जेवण जेवणाऱ्या कुत्र्यासाठी अंड्याच्या टरफलाची पूड हा स्वस्त आणि चांगला पर्याय आहे. टरफलं धुऊन आतला पापुद्रा काढा, दहा मिनिटं उकळा, पूर्ण वाळवा, मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ करा. दाताखाली कचकच लागली तर ती जाड आहे, परत दळा. या पुडीत साधारण ३८ टक्के कॅल्शियम असतं. २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे पूड ३ ग्रॅम, सपाट अर्ध्या चमच्याहून किंचित जास्त. ती जेवणात कालवून द्यायची. एका टरफलात एका दिवसाहून अधिकची सोय होते.

यातून फक्त कॅल्शियम जातं, हे विसरू नका. घरच्या जेवणात आयोडीन, जस्त, तांबं, ड आणि ई जीवनसत्त्वंही कमी पडतात. त्यासाठी घरच्या जेवणाला पूरक म्हणून बनवलेलं व्हिटॅमिन-मिनरल मिश्रण लागतं आणि त्याचा डोस आहाराचा तक्ता दाखवून डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा लागतो. त्या मिश्रणात कॅल्शियम असेल तर टरफलाची पूड तेवढी कमी करायची. वाढत्या पिल्लाला मात्र हा अर्ध्या चमच्याचा हिशेब लावू नका.

जादा कॅल्शियमची आणखी एक करामत: ते आतड्यात जस्ताचं शोषण अडवतं. भाकरी-पोळीच्या धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्यही तेच करतं. दोन्ही एकत्र आले की नाकाभोवती, डोळ्यांभोवती, कोपरांवर खपल्या धरतात. मग मालक कातडीसाठी आणखी एक बाटली आणतो. पहिली बंद केली असती तरी चाललं असतं.

गाभण कुत्रीला ‘पोटात पिल्लं आहेत’ म्हणून कॅल्शियम सुरू करणं हे सगळ्यात धोक्याचं. बाहेरून आयतं मिळत राहिलं की गरजेला हाडातून कॅल्शियम सोडणारी यंत्रणा सुस्तावते, आणि व्यायल्यावर दूध जोरात सुरू झालं की रक्तातली पातळी एकदम कोसळते. व्यायल्यानंतरच्या दोन ते चार आठवड्यांत, विशेषतः छोट्या जातीच्या आणि जास्त पिल्लं असलेल्या कुत्रीत हे घडतं. धाप, बेचैनी, ताठ चाल, थरथर, मग झटके. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. शिरेतून दिलेलं कॅल्शियमच तिला वाचवतं. गाभणपणाच्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत तिला पिल्लांसाठीचं संतुलित खाद्य दिलं तर वेगळ्या कॅल्शियमची गरज बहुधा पडत नाही.

आणि गोठ्यातलं कॅल्शियम गोठ्यातच राहू द्या. आपल्या जिल्ह्यात घरटी दुभतं जनावर, त्यामुळे पाच लिटरचा कॅन आणि मिनरल मिक्श्चरची पिशवी हाताशी असते. त्यातली खनिजांची प्रमाणं चारशे किलोच्या म्हशीसाठी आणि तिच्या पोटासाठी बेतलेली असतात.

माशाचं तेल: इथे गणित करावं लागतं

कातडीची ॲलर्जी आणि सांध्यांची झीज या दोन्हींत थोडाफार तरी भरवसा ठेवावा असं सप्लिमेंट हेच. काम करतात ती ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ प्रकारची दोन मेदाम्लं. त्यामुळे डबीवर मोठ्या अक्षरात छापलेलं ‘१००० मिलिग्रॅम फिश ऑइल’ सोडून द्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, मिळून ३०० मिलिग्रॅम असतात.

किलोमागे दोन्ही मिळून ५० मिलिग्रॅम हा सुरुवातीचा पल्ला धरा. ३० किलोच्या लॅब्राडॉरला १५०० मिलिग्रॅम, म्हणजे साध्या पाच कॅप्सूल. १० किलोच्याला ५०० मिलिग्रॅम, पावणेदोन कॅप्सूलच्या आत. पहिल्याच दिवशी पूर्ण डोस दिला तर पातळ हगवण होते. चतुर्थांशापासून सुरू करा आणि तीन-चार आठवड्यांत वर न्या. तेल जेवणाबरोबरच द्यायचं. परिणाम कळायला सहा ते आठ आठवडे लागतात, कातडीला कधी बाराही. १० किलोच्या कुत्र्याला सगळीकडून मिळून दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, रक्त गोठण्याचा त्रास असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना न विचारता तेल देऊ नका.

किंमतही याच आकड्यावर तोला. समजा एक कॅप्सूल ५ रुपयांची आणि तिच्यात ३०० मिलिग्रॅम, दुसरी ८ रुपयांची आणि तिच्यात ६००. पहिलीत १०० मिलिग्रॅमला पावणेदोन रुपयांच्या आसपास पडतात, दुसरीत सव्वा रुपयाच्या जरा वर. महाग दिसणारी डबी स्वस्त निघते, शिवाय गिळायच्या कॅप्सूल निम्म्या.

जवसाने हे काम होत नाही. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या रूपात असतं आणि कुत्र्याच्या शरीरात त्याचं ईपीए-डीएचए फारच थोडं बनतं. जवसाची चटणी तर नकोच, तिच्यात लसूण आणि मीठ. ‘कॉड लिव्हर ऑइल’ आणि ‘फिश ऑइल’ यांतही गफलत करू नका. यकृताच्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्वं असतात आणि ती शरीरात साठत जातात. मटणाची कलेजी रोज का नको, त्याचंही कारण अ जीवनसत्त्वच.

सांधे आणि पोट

सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा खप मोठा, पुरावा तुटपुंजा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात या जोडीचा वेदनेवर उपयोग दिसला नाही, ओमेगा-३ चा दिसला. म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांध्यांसाठी पैसे कुठे घालायचे असा प्रश्न असेल तर आमचा क्रम असा: आधी वजन उतरवा, मग डॉक्टरांचं वेदनाशामक, मग माशाचं तेल. रंकाळ्यावरची एक लांब फेरी मारण्याऐवजी तीन छोट्या मारा.

प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जिवाणू, साध्या हगवणीत आणि अँटिबायोटिकच्या काळात कामाला येतं. लेबलवर जिवाणूचं पूर्ण नाव आणि मुदत संपेपर्यंत टिकणारी संख्या लिहिलेली हवी. अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक यांत दोन तासांचं अंतर ठेवा. ताजं, बिनसाखरेचं दही चमचा-दोन चमचे चालतं, पण ते उपचार म्हणून धरू नका.

दुकानात लेबल वाचताना

घटकांचे आकडे ‘प्रत्येक १०० मिलि’ला दिलेत आणि डोस ५ मिलि लिहिलाय, असं सर्रास असतं. वीसने भागल्याशिवाय बाटल्यांची तुलना होत नाही. ‘कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिलिग्रॅम’ म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम २०० मिलिग्रॅम, कारण त्या क्षारात ते ४० टक्केच असतं; कॅल्शियम ग्लुकोनेटमध्ये तर ९ टक्के. आकडे न देता नुसती पंचवीस घटकांची यादी छापली असेल तर बाटली परत फळीवर ठेवा. पुष्कळ बाटल्यांवर कोपऱ्यात ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ (औषध म्हणून वापरू नये) असं असतं, तेही वाचा. पुढच्या बाजूला ‘सांधेदुखीवर हमखास’ आणि मागे हे, अशी बाटली दुकानदारालाच वाचून दाखवावी.

माणसांच्या कपाटातलं काही देऊ नका. आठवड्याला एक घ्यायची ड जीवनसत्त्वाची ६०,००० आययूची पुडी १० किलोच्या कुत्र्याला विषबाधा करू शकते: उलट्या, अतोनात तहान, मग मूत्रपिंड निकामी. लोहाच्या गोळ्याही घातक. शुगर-फ्री गमी आणि सिरपमध्ये साखरेऐवजी घातलेलं झायलिटॉल असू शकतं, किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेलं तरी रक्तातली साखर धोकादायक उतरते. मनुके ‘रक्तासाठी’ आणि लसूण ‘गोचिडांसाठी’ हे दोन घरगुती उपायही विषारीच. पांढऱ्या रश्श्याला ‘हाडांचं सूप’ समजून भाकरीवर ओतणारे आहेत. त्यात कांदा-लसूण, मीठ आणि चरबी असते, आणि शिजलेल्या हाडाची कपची आतड्याला भोक पाडते.

सुरू करणं, सांभाळणं, थांबवणं

एका वेळी एकच नवी गोष्ट. दोन एकदम सुरू केल्या आणि हगवण लागली तर कोणामुळे ते कळत नाही. फरक पडला तरी कळत नाही. सुरुवातीच्या दिवशी वजन, खाजवण्याचं किंवा लंगडण्याचं दहापैकी गुणांकन आणि एक फोटो ठेवा. दर दोन आठवड्यांनी तेच परत. आठ आठवड्यांत गुण हलले नाहीत तर बंद. कातडीसाठीच्या तेलाला बारा द्या.

पावसाळ्यात पावडरचा डबा कट्ट्यावर उघडा राहिला की चार दिवसांत गोळे होतात. हवाबंद डबा आणि कोरडा चमचा वापरा. तेलाची बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या. जुन्या रंगासारखा किंवा खवट आला तर तेल खराब झालंय, फेकून द्या.

चघळायच्या गोळ्यांना चिकनचा वास असतो, त्यामुळे कुत्रा डबी फोडून सगळ्याच खातो. तसं झालं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, मिठाचीच विषबाधा होते. डबी, उरलेल्या गोळ्या, कुत्र्याचं वजन आणि खाल्ल्याची वेळ एवढं घेऊन थेट दवाखान्यात जा, आणि निघतानाच फोन करून डबीवरचे घटक वाचून दाखवा.